वॅट आणि सेकंद : हृदयातल्या डागणीचा इतिहास

हृदयाचा ठोका विजेच्या एका बारीक लहरीने पडतो. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्याच्या, कोपऱ्यातून ही लहर निघते, दोन्ही अलिंदांवर पसरते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थबकते आणि तिथून एका जुडग्यातून खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, उतरते. हे जुडगे विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये दाखवले. त्याच्या वरच्या टोकाची गाठ सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये काम करताना १९०६ मध्ये उलगडली. लहरीचे उगमस्थान आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांना १९०७ मध्ये सापडले. वाट कळली तशा वाटेतल्या खोड्याही कळू लागल्या. काही माणसांत अलिंद आणि निलय यांच्यामध्ये जन्मापासूनच एक जादा आडवाट असते. लहर नेहमीच्या वाटेने खाली जाते, आडवाटेने वर येते, पुन्हा खाली जाते. घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत राहते आणि नाडी मिनिटाला दोनशेच्या घरात पोचते. लुई वुल्फ, जॉन पार्किन्सन आणि पॉल व्हाइट यांनी १९३० मध्ये एरवी धडधाकट असलेल्या अशा अकरा जणांचे वर्णन केले. हा विकार आजही त्या तिघांच्याच नावाने ओळखला जातो.

औषधांनी या आडवाटेवर पहारा बसवता येई, पण ती बुजत नसे. ती पहिल्यांदा बंद केली सर्जनच्या सुरीने. मे १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एका तरुण मच्छीमाराची छाती उघडली, धडधडत्या हृदयावर इलेक्ट्रोड फिरवून आडवाट कुठे आहे ते शोधले आणि तो भाग कापला. आजार गेला. पुढची पंधरा-वीस वर्षे हाच खरा इलाज होता, पण तो करायचा तर छातीचे मधले हाड कापावे लागे. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या धाग्यासाठी एवढा खटाटोप! शोधायचे काम मात्र तोवर नळीने, म्हणजे कॅथेटरने, होऊ लागले होते. अॅम्स्टरडॅममध्ये डर्क ड्युरेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये हृदयाला ठरावीक ठोके देऊन धडधड सुरू करून दाखवली आणि तशीच थांबवूनही दाखवली. बेंजामिन शेर्लाग यांनी १९६९ मध्ये जांघेतल्या शिरेतून सरकवलेल्या तारेवर हिसच्या जुडग्याचा विद्युत्‌संकेत टिपला. बिघाडाच्या जागी तार पोचत होती. तिथे पोचून करायचे काय, हे मात्र कुणाला सुचले नव्हते.

ते सुचवले एका अपघाताने. पॅरिसमध्ये गी फोंतेन यांच्या चमूपुढे तपासणीसाठी एक रुग्ण होता. कॅथेटर हिसच्या जुडग्याजवळ असतानाच छातीवरून विजेचा धक्का देण्याची वेळ आली. धक्का देणाऱ्या यंत्राचा आणि कॅथेटरचा संपर्क झाला, आणि छातीवर द्यायचा धक्का तारेतून थेट हृदयाच्या आत गेला. रुग्ण वाचला, पण अलिंद आणि निलय यांच्यामधला विद्युत्‌संबंध कायमचा तुटला. या चमूने १९७९ मध्ये ही घटना फ्रेंच नियतकालिकात प्रामाणिकपणे छापली. अपघात लपवला असता तर या विषयाचा इतिहास कदाचित काही वर्षे उशिरा सुरू झाला असता.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेल्विन शाइनमन यांनी जे अपघाताने घडले ते हेतुपुरस्सर करायचे ठरवले. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले, मग १९८१ मध्ये माणसावर. काही रुग्णांचे अलिंद इतके बेताल थरथरत होते की औषधांनी आवरत नव्हते. शाइनमन यांनी त्यांच्या जुडग्याशी कॅथेटरचे टोक नेले आणि त्यातून दोन-तीनशे ज्यूलचा धक्का दिला. अलिंद थरथरतच राहिले, पण त्याच्या बेतालपणाची लागण खाली निलयांत उतरणे थांबले. त्याबदल्यात रुग्णाला जन्मभर पेसमेकर बाळगावा लागला. १९८२ मध्ये शाइनमन यांनी आपले पहिले पाच रुग्ण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ड्यूकच्या जॉन गॅलाघर यांचाही अनुभव छापून आला. छाती न उघडता हृदयातला एखादा भाग निकामी करता येतो, हे सिद्ध झाले.

ही पद्धत रांगडी होती. टोकाशी दोन-तीन हजार व्होल्टचा दाब येई, तोही सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. टोकाभोवतालच्या रक्ताचा क्षणात वायू होई, ठिणगी पडे, बुडबुडा फुगे आणि फुटे, आणि त्या फुटण्याचा धक्का हृदयाच्या भिंतीला बसे. रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागे, कारण सगळे अंग आचके खाई. जखम किती मोठी होईल यावर डॉक्टरांचा ताबा नव्हता. तोफेचा गोळा सुटल्यावर गोलंदाजाचा त्याच्यावर असतो तेवढाच. पातळ भिंतीच्या शिरेत धक्का दिला तर ती फाटे. काही रुग्ण प्रक्रियेनंतर काही दिवसांनी अचानक दगावलेही. ऊर्जा पुरेशी होती, पण ती फार थोड्या वेळात ओतली जात होती. वॅट आणि सेकंद यांचा हिशेब इथूनच सुरू होतो.

दुसरी ऊर्जा शोधायला लांब जावे लागले नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये जिला सगळे ‘कॉटरी’ म्हणतात ती विजेची सुरी साठेक वर्षे जुनी होती. विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी बोस्टनमध्ये १ ऑक्टोबर १९२६ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली होती. तिच्यामागचे तत्त्व आणखी जुने. आर्सेन दार्सोन्वाल यांनी १८९१ मध्ये दाखवले होते की प्रवाहाची दिशा सेकंदात दहा हजारांहून जास्त वेळा बदलली तर तो शरीरातून जातो, ऊब देतो, पण स्नायूला झटका देत नाही. हृदयाच्या कॅथेटरसाठी वापरली जाणारी वारंवारता सेकंदाला पाच लाखांच्या आसपास, म्हणजे रेडिओलहरींच्या घरातली (रेडिओफ्रिक्वेन्सी), असते. एवढ्या जलद बदलणारा प्रवाह हृदयाच्या पेशीला ‘ठोका दे’ असे सांगत नाही. तिला तो फक्त तापवतो. म्हणून रुग्ण जागा ठेवता येतो, आणि आचका न देता एखादा ठिपका भाजता येतो.

अॅरिझोनातले स्टीफन हुआंग यांनी १९८५ च्या सुमारास कुत्र्यांवर हे करून दाखवले. १९८७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या मार्टिन बोर्गग्रेफे आणि ग्युंटर ब्राइटहार्ट यांनी माणसातली आडवाट या पद्धतीने बंद केल्याचे प्रसिद्ध केले. सुरुवातीचे निकाल काही फार चमकदार नव्हते. टोक लहान होते, जखम मुगाच्या दाण्याएवढी व्हायची, आणि आडवाट नेमकी कुठे आहे याचा अंदाज चुकला तर ती भाजलेल्या जागेशेजारून सुखरूप निसटायची. ओक्लाहोमातले वॉरन जॅकमन यांनी दोन्ही बाजूंनी मार्ग काढला. एकीकडे, त्यांनी आडवाटेचा स्वतःचा बारीक संकेत टिपण्याची रीत बसवली. दुसरीकडे, टोक ४ मिलिमीटरचे केले. जून १९९१ मध्ये त्यांचा लेख आला : १६६ रुग्ण, त्यांपैकी १६४ जणांची आडवाट बंद, म्हणजे ९९ टक्के यश; आणि प्रत्येक आडवाटेमागे बहुधा तीनच डाग. त्याच अंकात मिशिगन विद्यापीठाच्या चमूचेही असेच निकाल होते. सर्जनची सुरी या विकारापुरती जवळजवळ म्यानात गेली. बिनधोक आणि एकदाच करून संपणारा इलाज म्हणावा असे वैद्यकात फार थोडे आहे. हा त्यातला एक.

हा डाग पडतो कसा, हे व्हर्जिनियातल्या डेव्हिड हेन्स यांनी १९८९-९० च्या प्रयोगांत मोजून दाखवले. हृदयाची पेशी सुमारे ५० अंश सेल्सियसला कायमची मरते. टोकाशी तापमान १०० अंशांवर गेले तर ऊतीतल्या पाण्याची वाफ होते, रक्त टोकाला करपून चिकटते आणि प्रवाह अडतो. कधी वाफ आतच कोंडते आणि ‘पट्’ आवाज करून बाहेर पडते. कॅथलॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरची कामे चालतात त्या खोलीत, याला ‘पॉप’ म्हणतात. मक्याचा दाणा फुटावा तसा तो आवाज खोलीत ऐकू येऊ शकतो, आणि ऐकू आला की हातातले काम थांबते. कारण दाणा फुटतो तशीच भिंतही फाटू शकते. म्हणजे काम चालते ते ५० ते १०० अंश या पट्ट्यात.

या पट्ट्यात उष्णता दोन वाटांनी पसरते, आणि पुढचा सगळा वाद या दोन वाटांचा आहे. पहिली वाट प्रवाहाची स्वतःची. विजेचा प्रवाह ज्या ऊतीतून जातो तिला तो थेट तापवतो, पण हे तापणे टोकापासून दूर जाताना फार झपाट्याने कमी होते : टोकाच्या मध्यापासून अंतर दुप्पट झाले की उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून थेट तापणारी साल जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची असते. दुसरी वाट म्हणजे तापलेल्या सालीतून खाली झिरपणारी ऊब. तिला वेळ लागतो, आणि डाग पूर्ण खोलीपर्यंत वाढायला चाळीस ते साठ सेकंद जातात. स्वयंपाकघरात हे रोज घडते. मोठ्या आचेवर भाकरीला वरून डाग पडतात आणि पोटात ती कच्ची राहते. मंद आचेवर वेळ दिला तर ती आतपर्यंत शिजते. निलयाच्या जाड भिंतीसाठी मंद आच हवी. अलिंदाची मागची भिंत मात्र दोनेक मिलिमीटरची, म्हणजे भाकरीपेक्षा फुलक्याच्या जवळची. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचा अर्थ लागायला पंचवीस वर्षे गेली.

तोवर लक्ष दुसरीकडे होते. आडवाटा संपल्या, गोल फिरणाऱ्या इतर लहरीही आटोक्यात आल्या, आणि उरले ते सगळ्यात सर्रास आढळणारे दुखणे : एट्रियल फिब्रिलेशन. यात अलिंद आकुंचन न पावता नुसते थरथरते, नाडी बेताल होते आणि साकळलेले रक्त मेंदूत जाऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. सेंट लुइसमध्ये जेम्स कॉक्स यांनी २५ सप्टेंबर १९८७ रोजी अलिंदात सुरीने भूलभुलैया कोरून हे थांबवले. कॅथेटरवाल्यांनी त्याच रेषा आतून भाजायचा प्रयत्न केला. प्रक्रिया तासन्‌तास चाले, आणि पदरात थोडेच पडे.

कोंडी फुटली बोर्दोत. मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास छापला. थरथरणे कुठून पेट घेते, हे त्यांनी शोधले. ६९ ठिकाणे सापडली आणि त्यांतली ९४ टक्के फुप्फुसांकडून अलिंदात येणाऱ्या चार नीलांच्या आत होती. आग लावणारा दारातच उभा होता. मग दार बंद करायचे, म्हणजे नीलांभोवती डागांची सलग माळ ओवून त्यांचा अलिंदाशी असलेला विद्युत्‌संबंध तोडायचा. सुरुवातीला नीलेच्या आत भाजले जाई आणि जखम भरताना नीला आकसत असे. म्हणून माळ बाहेर, अलिंदाच्या भिंतीवर सरकली. त्याच सुमारास हैफाच्या श्लोमो बेन-हाइम यांनी चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने कॅथेटरचे टोक दाखवणारे त्रिमितीय नकाशायंत्र आणले. आजच्या कॅथलॅबमध्ये पडद्यावर अलिंदाचा रंगीत पोकळ साचा फिरत असतो आणि प्रत्येक डागासरशी त्यावर एक मणी उमटतो. एका रुग्णात असे पन्नास-शंभर मणी ओवावे लागतात. माळेत फट राहिली तर सगळे मुसळ केरात.

फट का राहते? एक कारण असे की टोक वाहत्या रक्तात असते आणि रक्त त्याला गार करते. गार झाले की यंत्र ऊर्जा वाढवू शकते, पण रक्ताचा प्रवाह जिथे मंद तिथे टोक लगेच तापते, ऊर्जा कमी होते आणि डाग उथळ राहतो. उपाय उट्रेख्टच्या फ्रेड विट्कांप्फ यांनी १९८८ मध्ये सुचवला होता आणि हिरोशी नाकागावा व जॅकमन यांनी १९९५ मध्ये कुत्र्यांच्या मांडीच्या स्नायूवर मोजून दाखवला : टोकाच्या छिद्रांतून सलाईन सोडून ते सतत गार ठेवायचे. आता टोक करपेना आणि ऊर्जा खोलवर जाऊ लागली. पण या सोयीने एक आंधळेपणही आणले. टोकातला तापमापक सलाईनचे तापमान दाखवू लागला. ऊती आत किती तापली आहे, हे कळेना. डॉक्टर वॅट आणि सेकंद मोजून अंदाजाने भाजू लागले.

अंदाज कुठे चुकतो, हे २००४ मध्ये कळले. मिलानमधील कार्लो पापोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि साओ पावलोमधील माउरिसियो स्कानावाका यांनी जवळपास एकाच वेळी एक नवी गुंतागुंत नोंदवली. डाव्या अलिंदाच्या मागच्या भिंतीला लागूनच अन्ननलिका जाते, मध्ये जेमतेम काही मिलिमीटर. भिंत भाजताना ऊब अन्ननलिकेतही झिरपते. रुग्ण घरी जातो, बरा असतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गिळताना दुखते, आणि मग अचानक पक्षाघात : अन्ननलिका आणि अलिंद यांच्यात भोक पडलेले असते, त्यातून हवा आणि जंतू रक्तात शिरतात. ताप आणि गिळताना होणारा त्रास पाहून कुणी साहजिकच दुर्बीण घालायचा विचार करतो; पण दुर्बिणीतून फुगवलेली हवाच मेंदूपर्यंत जाऊ शकते. दुर्बीण टाळून सीटी स्कॅन करायचे, हा धडा काही जीव गमावून मिळाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉटर-एएफ या आंतरराष्ट्रीय नोंदीत ५,५३,७२९ प्रक्रियांमध्ये असे १३८ रुग्ण आढळले, म्हणजे ०.०२५ टक्के. लक्षणे सुरू व्हायला साधारण १८ दिवस लागले आणि त्यातले ६५.८ टक्के रुग्ण दगावले. शेकडा हिशेबात नगण्य वाटणारी ही गुंतागुंत या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या डोक्यात घर करून बसली.

प्रतिक्रिया अपेक्षित होती : आच कमी करा. मागच्या भिंतीवर २० ते २५ वॅट आणि इतरत्र ३० ते ३५, प्रत्येक डागाला वीस ते चाळीस सेकंद, अन्ननलिकेत तापमापक तार सोडलेली, आणि पारा दीड-दोन अंश चढताच थांबणे. सावध माणसाने असेच करावे, आणि जवळपास सगळ्यांनी केलेही. त्याआधी जास्त वॅटकडे जाण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. क्लीव्हलँडच्या चमूने २००७ मध्ये सलाईनने गार केलेल्या टोकातून ५० वॅटपर्यंत ऊर्जा देऊन पाहिली. यश वाढले, पण पॉप, हृदयावरणातले पाणी आणि पोटाच्या तक्रारीही वाढल्या. ५० वॅट धोक्याचे, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला. वॅट वाढवले, पण सेकंद पुरेसे तोडले नव्हते, हा दुसरा निष्कर्ष तेव्हा फार थोड्यांना सुचला.

कमी आचेची किंमत हळूहळू दिसू लागली. तीस सेकंद टोक एकाच जागी धरायचे, पण हृदय धडधडते आणि श्वासासरशी वर-खाली होते. टोक सरकते, डाग अर्धवट राहतो, आणि अर्धवट भाजलेली ऊती सुजते. सुजेने विद्युत्‌संबंध तात्पुरता तुटतो, डॉक्टर पुढे जातो. महिनाभरात सूज उतरते आणि वाट पुन्हा उघडते. जर्मनीतल्या गॅप-एएफ अभ्यासाने (२०१६) हे मोजले. ज्यांच्या नीला पूर्ण बंदिस्त केल्या गेल्या होत्या अशा रुग्णांना तीन महिन्यांनी पुन्हा कॅथलॅबमध्ये नेऊन तपासले, तेव्हा ७० टक्के रुग्णांत माळेतली कुठली तरी कडी निखळलेली आढळली. दुसरीकडून फुग्याची स्पर्धा उभी राहिली. नीलेच्या तोंडाशी फुगा फुगवून आतला भाग गोठवायचा, एका फुग्यात एक नीला आटोपली. फायर अँड आइस चाचणीत (२०१६) ७६२ रुग्णांवर तुलना झाली. थंडीचा फुगा उष्णतेच्या माळेपेक्षा कमी ठरला नाही आणि वेळही कमी लागला. मणी ओवणाऱ्यांना घाई करणे भाग होते.

मधल्या काळात हत्यार सुधारले होते. टोक भिंतीवर किती ग्रॅम जोराने दाबले आहे, हे दाखवणारे कॅथेटर आले. टोक्काटा अभ्यासात (२०१२) ज्यांचा सरासरी दाब १० ग्रॅमपेक्षा कमी होता त्या सगळ्यांचे दुखणे परतले आणि २० ग्रॅमच्या वर दाब असलेल्यांपैकी ८० टक्के बरे राहिले. ब्रुगेसच्या चमूने दाब, वेळ आणि वॅट एकत्र गुंफून एक आकडा बसवला : पुढच्या भिंतीवर प्रत्येक मणी किमान ५५०, मागच्या भिंतीवर ४००, आणि दोन मण्यांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. कारागिरीला माप आले. या मापामुळेच पुढचे पाऊल टाकण्याचे धाडस झाले, हे पुष्कळदा विसरले जाते.

कॅलिफोर्नियातले रॉजर विंकल आणि त्यांचे सहकारी बाकीच्यांच्या सावधगिरीला न जुमानता ५० वॅटच वापरत आले होते, पण एका जागी काही सेकंदच. त्यांचा तर्क सरळ होता. भिंत दोन मिलिमीटरची आहे. प्रवाह स्वतः थेट तापवतो ती साल मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. आच मोठी केली तर ही साल पाच-सहा सेकंदांत मरते आणि बाकीचे थोडके काम झिरपणारी ऊब उरकते. मग थांबायचे. अन्ननलिकेपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो. तो वेळच द्यायचा नाही. सिडनीतल्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये दाखवले की ५० ते ६० वॅटचे पाच सेकंदांचे डाग अलिंदाच्या भिंतीच्या आरपार जातात, तेही पॉप न होता. त्यापुढे वॅट वाढवले की पॉपची भीती परत येते. बोस्टनमध्ये डुकरांवर ९० वॅट आणि ४ सेकंद हे माप तपासले गेले. डाग रुंद पडले, खोली जुन्या पद्धतीइतकीच राहिली, आणि रुंद डाग एकमेकांत मिसळल्यामुळे माळेत फटी कमी राहिल्या. तवा फुलक्यासाठी तापवला गेला होता.

हिशेब मांडला तर तो विलक्षण निघतो. ३० वॅट तीस सेकंद म्हणजे ९०० ज्यूल. ५० वॅट आठ सेकंद म्हणजे ४०० ज्यूल. ९० वॅट चार सेकंद म्हणजे ३६० ज्यूल. ज्याला ‘हाय पॉवर’ म्हणतात त्यात एकूण ऊर्जा निम्म्याहूनही कमी जाते, आणि त्यातलाही मोठा हिस्सा रक्तात वाहून जातो. गंमत अशी की शाइनमन यांच्या १९८१ च्या धक्क्यातही ऊर्जा याच घरातली होती. तीच ऊर्जा सेकंदाच्या काही हजाराव्या भागात ओतली की स्फोट, चार सेकंदांत ओतली की डाग, आणि अर्धा मिनिट घोळवली की ऊब शेजारच्या घरात शिरते.

प्रयोगशाळेतला तर्क रुग्णालयात टिकतो का, याचे सगळ्यात मोठे उत्तर २०१९ मध्ये आले. विंकल आणि इतर केंद्रांनी मिळून १०,२८४ रुग्णांवरच्या १३,९७४ प्रक्रियांचा ताळेबंद छापला. ४५ ते ५० वॅट वापरलेल्या या प्रक्रियांत मृत्यू २. हृदयावरणात रक्त साचणे ३३, म्हणजे ०.२४ टक्के; ४८ तासांच्या आत पक्षाघात ६. सगळ्यांचे लक्ष अन्ननलिकेच्या आकड्याकडे होते. मागच्या भिंतीवर ४५-५० वॅट वापरलेल्या ११,४३६ प्रक्रियांत अन्ननलिकेला भोक पडल्याची एकच घटना होती. मागच्या भिंतीवर ३५ वॅट वापरलेल्या २,५३८ प्रक्रियांत तीन. ज्या भीतीने आच कमी केली होती ती भीती कमी आचेतच जास्त खरी ठरली. पण ही नोंद मागे वळून केलेली होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि डॉक्टर या पद्धतीत वर्षानुवर्षे मुरलेले होते. नवख्याच्या हातातले ५० वॅट आणि त्यांच्या हातातले ५० वॅट एकच, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

हाताचा फरक कुठे पडतो, ते प्रक्रियेच्या वेळी दिसते. २५ वॅटवर टोक जरा घसरले किंवा अन्ननलिकेतला पारा चढू लागला, तर थांबायला सवड मिळते. पाच-दहा सेकंद इकडे-तिकडे झाले तरी चालते. ५० वॅटवर सगळा डागच सहा-आठ सेकंदांचा असतो. डॉक्टरची नजर एकाच वेळी चार आकड्यांवर असते : दाबाचे ग्रॅम, विद्युतरोधाची घट, सेकंद आणि अन्ननलिकेचे तापमान. विद्युतरोध आठ-दहा ओहमने उतरला तर डाग पडतो आहे. पंधरा-वीसने झपकन उतरला तर पॉपची चाहूल. शेवटचा आकडा फसवा असतो. प्रवाह बंद केल्यावरही झिरपणारी ऊब पुढे जातच राहते आणि पारा काही सेकंद वर चढतो, म्हणजे इशारा मिळतो तेव्हा भाजून झालेले असते. म्हणून मागच्या भिंतीवर लागोपाठ दोन शेजारचे डाग देत नाहीत. एक इथे, एक लांब, मग परत. पहिली जागा तेवढ्यात निवते.

परिणामकारकतेचा निकाल सुरक्षिततेइतका नाट्यमय नव्हता. ५० वॅटच्या आसपासच्या तुलनांत चित्र साधारण सारखे दिसले. माळ लवकर पुरी होते, पहिल्याच फेरीत नीला बंदिस्त होण्याचे प्रमाण वाढते, वेळ वाचतो. वर्षभरानंतर दुखणे परतण्याचे प्रमाण मात्र जुन्या पद्धतीइतकेच किंवा किंचित कमी. कारणही उघड आहे. फिब्रिलेशन फक्त नीलांतून येत नाही. वय, रक्तदाब, वजन, झोपेतला श्वासाचा अडथळा यांनी अलिंदच ज्यांचे थकले आहे, त्यांच्यात माळ कितीही अभंग असली तरी ती पुरत नाही.

९० वॅटची गोष्ट आणखी बोधक आहे. इतक्या आचेवर आंधळेपणाने जाणे शक्य नव्हते, म्हणून टोकाच्या पृष्ठभागापाशीच सहा तापमापक बसवलेले कॅथेटर आले. सलाईनने ओढवलेला आंधळेपणा त्याने बराचसा दूर केला. तापमान वाढले की यंत्र आपोआप वॅट उतरवते. क्यूडॉट-फास्ट अभ्यासात (२०१९) ५२ रुग्णांवर ते वापरले गेले. सगळ्यांच्या नीला बंदिस्त झाल्या, आणि ऊर्जा देण्याचा एकूण वेळ सरासरी आठ मिनिटांच्या आसपास आला. मात्र काही रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये लक्षणे न देणारे बारीक ठिपके दिसले, आणि टोकाशी सूक्ष्म गुठळी होते का, या प्रश्नावर कॅथेटरमध्ये नंतर दुरुस्त्या झाल्या. मग युरोपातल्या पॉवर प्लस चाचणीत १८० रुग्णांवर ९० वॅटची तुलना ३५-५० वॅटशी झाली. ऊर्जेचा वेळ एक तृतीयांशाहून खाली आला, पण सबंध प्रक्रियेत वाचली ती जेमतेम पाच मिनिटे. कारण वेळ खातो तो नकाशा काढण्यात, दोन अलिंदांमधला पडदा भेदून डाव्या अलिंदात जाण्यात, टोक योग्य जागी नेण्यात. पहिल्या फेरीच्या यशात ९० वॅट सरस ठरले नाही. पुढच्या भिंतीचे जाड कंगोरे चार सेकंदांत पुरते भाजत नाहीत, हे पाहून अनेकांनी तिथे ५० वॅट आणि मागच्या पातळ भिंतीवर ९० असा मिश्र बेत स्वीकारला.

हा हिशेब बसत असतानाच खेळाचे पटांगण बदलले. १९८१ चा सरळ विजेचा धक्का नव्या रूपात परत आला : हजार-दोन हजार व्होल्टचेच झटके, पण सेकंदाच्या काही लाखाव्या भागाचे, ठिणगी आणि बुडबुड्याचा स्फोट टाळणारे. पेशीच्या आवरणाला ते भोके पाडतात; उष्णता जवळपास निर्माणच होत नाही. हृदयाच्या स्नायुपेशी या झटक्यांना लवकर बळी पडतात, अन्ननलिकेच्या पेशी टिकून राहतात. माणसांवरचे पहिले निकाल २०१८ मध्ये छापून आले. २०२३ च्या अॅडव्हेंट चाचणीत ६०७ रुग्णांपैकी झटक्यांच्या गटात वर्षअखेर ७३.३ टक्के आणि उष्णता किंवा थंडीच्या गटात ७१.३ टक्के यश मिळाले. म्हणजे बरोबरी. २०२४ च्या एका मोठ्या नोंदीत १७,६४२ रुग्णांत अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही घटना नव्हती. वीस वर्षे ज्या भोकाने कॅथेटरवाल्यांची झोप उडवली होती, ते या तक्त्यात शून्य होते. नव्या तक्रारी मात्र आल्या : झटक्यांनी तांबड्या पेशी फुटून क्वचित मूत्रपिंड बंद पडणे, आणि हृदयाच्या रोहिणीला पेटका येणे.

रेडिओफ्रिक्वेन्सीची डागणी त्यामुळे मोडीत निघालेली नाही. ज्या आडवाटेपासून गोष्ट सुरू झाली ती आजही बहुतेक ठिकाणी उष्णतेनेच बंद करतात, आणि निलयाच्या जाड भिंतीसाठी मंद आच लागतेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका कॅथेटरचे टोक ९ मिलिमीटरच्या जाळीदार गोळ्यासारखे आहे आणि त्याच टोकातून उष्णताही देता येते, झटकेही. त्याच्या सुरुवातीच्या मानवी अभ्यासात काही रुग्णांना पुढच्या भिंतीवर रेडिओफ्रिक्वेन्सीचे डाग दिले गेले, आणि टोक अन्ननलिकेसमोरच्या भिंतीवर आले की ऊर्जा बदलून झटके.